जरीचा धागा

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती. गल्लीतून आरोळी ऐकू आली, "जुनी जर घेतोऽऽ! जुने शालू, जुन्या पैठण्या घेतोऽऽ!" आजी माजघरातून म्हणाली, "अरे, थांबव त्याला." मी धावत गेलो आणि त्या माणसाला ओसरीवर घेऊन आलो.

आजीने आपली पेटी उघडली. पेटीच्या तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली तिच्या लग्नातली पैठणी होती. कुसुंबी रंग, जरीचे काठ आणि पदरावर मोर. आजी पैठणीची घडी उलगडू लागली आणि मध्येच थांबली. जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे कापड चिरले होते. कोणी पट्टी ठेवून ब्लेड फिरवावे तशा त्या सरळ चिरा होत्या. दोन घड्यांच्या मधले कापड मात्र अगदी चांगले होते.

त्या माणसाने मोराकडे पाहिले नाही, रंगाकडेही पाहिले नाही. त्याने काठातला एक धागा ओढून काढला, काळ्या दगडावर घासला आणि म्हणाला, "आजी, ही आता नेसता यायची नाही. चांदीच्या भावाने घेतो."

आजी गप्प बसली. मला मात्र एक प्रश्न पडला. रेशीम मजबूत असते. चांदी तर धातू. मग या दोघांनी मिळून केलेला धागा तुटला कसा? आणि तुटला तो नेमका घडीवरच का? हा प्रश्न पुढे अनेक वर्षे माझ्या मनात राहिला. आज तुम्हांला मी त्याचे उत्तर सांगणार आहे.

मुलांनो, 'जर' या शब्दाचा अर्थ मी तुम्हांला सांगण्याची गरज नाही. तुम्हीच तो मला सांगाल. फारसीत 'ज़र' म्हणजे सोने. त्यावरून उर्दूत ज़री, ज़रगर, ज़रदोज़ी असे शब्द आले. मराठीनेही हा शब्द घेतला आणि त्यापासून स्वतःचे शब्द तयार केले. जरतारी शेला, भरजरी शालू, मराठ्यांच्या फौजेचा जरीपटका. तुमचा 'कमख़्वाब' मराठीत आल्यावर 'किनखाप' झाला. अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त जरीच्या कापडांची यादी किमतींसह दिली आहे. मराठी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 'जर पाऊस आला, तर...' यातला 'जर' म्हणजे तुमचा 'अगर'. सोन्याच्या धाग्याशी त्याचा काही संबंध नाही, फक्त दोन्ही शब्द सारखे लिहितात.

नाव सोन्याचे असले, तरी जरीच्या धाग्यात सोने फार थोडे असते. खऱ्या जरीत चांदी मुख्य असते. सोन्याचा नुसता पातळ मुलामा असतो. बहुधा तो वजनाने शेकडा एक भागही भरत नाही. आणि धाग्याच्या अगदी आत, कोणाला न दिसणारे रेशीम असते. बाहेर धातू आणि आत रेशीम, असा हा जोडधागा आहे.

हा धागा तयार कसा होतो? आपल्या देशात जरीचे सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधील सुरत शहर आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालत आले आहे. प्रथम चांदीची कांब घेतात. पोलादी पट्टीला एकापेक्षा एक लहान अशी भोके पाडलेली असतात. कांबेचे टोक निमुळते करून ते भोकातून पलीकडे ओढतात. दर भोकातून ओढताना कांब बारीक होते आणि लांब होते. शेवटी तिची केसासारखी तार होते. पूर्वी हे काम हाताने करणाऱ्या कारागिराला 'तारकश' म्हणत. आता यंत्रे आली आहेत आणि बारीक भोकांसाठी हिऱ्याचे साचे वापरतात. पण रीत तीच आहे.

जुने कारागीर कांबेवर आधीच सोन्याचा पत्रा चढवत असत. मग कांब ओढली, की चांदीबरोबर सोनेही ताणले जाई. कांबेची मैलभर तार झाली तरी सोने तिच्यावरून निघत नसे. नवल वाटते ना? पण सोन्याचा गुणच तसा आहे. एक ग्रॅम सोन्यापासून सुमारे २ किलोमीटर लांबीची तार काढता येते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचाल. आता बहुधा धागा तयार झाल्यावर विजेच्या साहाय्याने त्याला सोन्याचा मुलामा देतात.

तार ओढताना एक अडचण येते. धातू जसजसा ताणावा, तसतसा तो कडक होत जातो. कडक झालेली तार पुढच्या भोकात तुटते. म्हणून कारागीर ती मधूनमधून तापवतात. तापवल्यावर ती पुन्हा मऊ होते. ही गोष्ट विसरू नका. आजीच्या पैठणीचे अर्धे उत्तर या कडकपणातच आहे.

गोल तार तयार झाली की ती दोन गुळगुळीत रुळांच्या मधून काढतात. रुळांखाली दबून तिची चपटी, चमकदार फीत होते. या फितीला 'बादला' म्हणतात. हा बादला रेशमी धाग्याभोवती गोल गोल गुंडाळला, की कलाबतू तयार होतो. जरीकामाचा धागा तो हाच.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? चांदीची गोल तारच सरळ विणली तर काय बिघडेल?

तार चपटी का करतात, ते आधी पाहू. तुमच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी घ्या. ती आडवी धरून वाकवा, सहज वाकते. आता तीच पट्टी उभ्या कडेवर धरून वाकवा. वाकत नाही. पट्टी तीच आहे, पण वाकण्याच्या दिशेने तिची जाडी वाढली. फितीची जाडी निम्मी केली, तर ती वाकवायला निम्मे नव्हे, फक्त आठवा भाग बळ लागते. म्हणून चपटी फीत रेशमाभोवती सहज बसते आणि कापड अंगाला टोचत नाही. शिवाय गोल तारेपेक्षा चपटी फीत अधिक जागा झाकते आणि आरशासारखी चमकते. एका युक्तीत तीन कामे झाली.

फीत गुंडाळतात का, हे समजायला एक प्रयोग करा. दोन रबरबँड घ्या आणि कापून त्यांच्या पट्ट्या करा. टाकून दिलेल्या जुन्या वायरमधून तांब्याच्या बारीक तारा काढून घ्या. (भिंतीला जोडलेल्या वायरला हात लावू नका!) पहिल्या रबराला एक तार सरळ लावा आणि दोन्ही टोकांना घट्ट बांधा. दुसऱ्या रबराभोवती दुसरी तार जवळजवळ वेढे देत गुंडाळा. आता पहिले रबर जरा ताणा आणि सोडा. रबर मूळ लांबीवर येते. तार मात्र येत नाही. ती लांबलेलीच राहते आणि धनुष्यासारखी बाहेर फुगते. दुसरे रबर ताणा. वेढे एकमेकांपासून दूर जातात. सोडा. वेढे पुन्हा जवळ येतात. तार जशीच्या तशी राहते.

असे का झाले? ताणून सोडल्यावर वस्तू पुन्हा मूळ लांबीवर येते, या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. शब्द जरा अवघड आहे, पण परीक्षेत येतो. प्रत्येक पदार्थाच्या स्थितिस्थापकतेला मर्यादा असते. एक मीटर रेशमाचा धागा सुमारे एक-दोन सेंटिमीटर ताणला, तरी तो परत मूळ लांबीवर येतो. तुटण्यापूर्वी तर तो १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत लांबतो. एक मीटर चांदीची तार मात्र जेमतेम एक-दोन मिलिमीटर ताणेपर्यंतच परत येते. त्याहून अधिक ताणली, की ती कायमची लांबते. म्हणजे या जोडीतला एक जण लवचीक आणि दुसरा हट्टी. दोघांना शेजारी शेजारी सरळ बांधले, तर पहिल्याच ओढीत त्यांचे बिनसणार. पण हट्टी जोडीदाराला लवचीक जोडीदाराभोवती वेढे दिले, तर ओढ लागताच वेढे सैल होतात आणि फितीला फारसे ताणावेच लागत नाही. बॉलपेनमधली स्प्रिंग पोलादाची असते, तरी ती किती लांबते! पोलाद लांबत नाही, वेढे उघडतात. जरीत तेच घडते.

म्हणूनच जरीच्या धाग्यात भार कोण वाहते, हे आता तुम्ही सांगू शकाल. भार रेशीम वाहते. सारख्या वजनाचे रेशीम आणि चांदी घेतली, तर रेशीम चांदीच्या जवळजवळ दहापट किंवा त्याहूनही अधिक ओढ सोसते. चांदीचे काम रेशमाला झाकण्याचे आणि चमकण्याचे.

येवल्याच्या एका विणकरकाकांना मी हे सांगितले, तेव्हा ते हसले. येवले नाशिक जिल्ह्यात आहे आणि आज पैठणीचे सर्वांत अधिक माग तेथे चालतात. काका म्हणाले, "गुरुजी, हे आमच्या बोटांना ठाऊक आहे. जर जोरात ओढली, की तिचे वेढे उघडतात आणि आतले रेशीम दिसू लागते. मग तो धागा गेलाच म्हणून समजा." मागावर ताण्याचे धागे दिवसभर ताणलेले असतात आणि फणीचे घाव सोसतात. बाण्याचा धागा एकदाच हलक्या हाताने घातला जातो. पैठणीच्या पदरात रेशमी ताण्यावर जरीचा बाणा असतो आणि त्या सोनेरी जमिनीवर रेशमाचे मोर विणलेले असतात. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना ताणा-बाणा काय ते समजावून सांगायला नको. त्यांच्यापैकी अनेकांना खटखट ऐकल्याशिवाय झोप येत नाही!

आता आजीच्या पैठणीकडे परत जाऊ. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात तशी मऊ तार घ्या. ती एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. आधी ती सहज वाकते. मग त्या जागी कडक होते. दहा-वीस वेळा वाकवली, की तिथेच कट्‌कन तुटते. पक्कड नसली, की तार तोडायला आपण हीच युक्ती करतो. जरीच्या फितीचेही तेच होते. पैठणी तीस-चाळीस वर्षे एकाच घडीत ठेवली, दर सणाला उघडली आणि पुन्हा त्याच घडीवर मोडली. वर इतर कपड्यांचा भार होता. दर वेळी फीत त्याच ठिकाणी वाकली, कडक झाली आणि शेवटी तिला चिरा पडल्या. चिरलेल्या फितीच्या कडा पात्यासारख्या असतात. आत रेशीम होते, तेही आता तरुण राहिले नव्हते. ऊन, घाम आणि वय यांनी रेशीम ठिसूळ होते. त्या कडा रेशमाला घासत राहिल्या आणि एक दिवस तेही तुटले. दोन घड्यांच्या मधे जर वाकलीच नाही. म्हणून तिथले कापड चांगले राहिले.

तेव्हा घरात आईचा किंवा दादीचा लग्नातला जरीचा दुपट्टा असेल, तर तो वर्षातून दोन-तीन वेळा उघडून त्याची घडी बदलायला सांगा. मोठे जरीकाम घडी घालण्याऐवजी लाकडी दांड्यावर गुंडाळून ठेवणे अधिक चांगले. गुंडाळताना धागा हळूहळू वळतो, एका रेषेवर मोडत नाही. दांड्यावर आधी धुतलेले सुती कापड गुंडाळावे. जरीवर अत्तर शिंपडू नये. जर काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. सोन्याचा मुलामा जिथे झिजलेला असतो, तिथे आतल्या चांदीवर काळा थर चढतो. तो घासून काढण्याच्या नादात उरलेले सोनेही जाते, एवढे मात्र घरातल्या उत्साही मंडळींना सांगून ठेवा.

बाहेर धातू आणि आत धागा ही युक्ती केवळ शालू-शेल्यांपुरती नाही. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची वेटोळ्यांची दोरी तुम्ही पाहिली असेल. ती दिवसातून शंभरदा ताणली जाई, पिळली जाई. साधी तांब्याची तार तिच्यात घातली असती, तर आपल्या बांधकामाच्या तारेसारखी लवकरच तुटली असती. म्हणून तिच्यात काय घालत, ठाऊक आहे? तांब्याची चपटी फीत, धाग्याभोवती गुंडाळलेली! वीज तांब्यातून जाई आणि ओढ धागा सोसत असे. कानाला लावायच्या हेडफोनच्या वायरीतही अशा दोऱ्या वापरतात. तारकशाने शालूसाठी केलेली युक्ती टेलिफोनच्याही कामी आली.

आता उलटी जोडी पाहू. काचेचे किंवा पत्र्याचे काम करणारे आणि मांस कापणारे कामगार हातात एक खास मोजा घालतात. सुरीची धार त्याला सहज कापू शकत नाही. या मोज्याच्या धाग्यात गंज न चढणारी बारीक पोलादी तार असते. पण ती बाहेर नसते, आत असते. तिच्याभोवती नायलॉन, पॉलिएस्टर किंवा दुसरा बळकट धागा गुंडाळलेला असतो. जरीत धातू दिसायला हवा म्हणून तो बाहेर. येथे तो हाताला टोचायला नको म्हणून आत.

तुम्ही म्हणाल, "पोलाद घातले, म्हणजे धागा ओढायला मजबूत झाला." थांबा, हिशेब करू. ०.०५ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण केसाएवढी पोलादी तार घ्या. तिच्या एक किलोमीटर लांबीचे वजन सुमारे साडेपंधरा ग्रॅम भरते. ४० नंबरचा सुती धागा एक किलोमीटर घेतला, तर त्याचे वजन पंधरा ग्रॅमच्या जरा आत येते. म्हणजे दोघे वजनाने जवळजवळ सारखे. आता दोघांना वजने टांगून पाहा. तापवून मऊ केलेली ती पोलादी तार सुमारे दीडशे ग्रॅम वजनाने तुटते. चांगला सुती धागा दोनशे ग्रॅमच्या पुढे जातो! ओढण्याच्या स्पर्धेत सूत पोलादाला हरवते.

मग पोलाद कशाला घालायचे? कारण सुरी ओढत नाही, कापते. सुताला धार लागली की ते क्षणात कापले जाते. पोलाद कठीण आहे. धार त्याच्यावर बोथट होते आणि घसरते. 'मजबूत' हा शब्दही तुमच्याच भाषेतून मराठीत आला आहे. तो आपण सगळीकडे वापरतो, पण धाग्याच्या कारखान्यात एवढ्या एका शब्दावर काम भागत नाही. तेथे चार निरनिराळे प्रश्न विचारतात : ओढल्यावर किती सोसतो? किती लांबतो आणि परत येतो का? किती वेळा वाकवला तर तुटतो? घासले किंवा कापले तर काय होते? सूत पहिल्या प्रश्नाला पहिले येईल आणि चौथ्याला नापास होईल.

आत ठेवलेल्या तारेचीही एक तक्रार असते. मोजा ओढून चढवताना धागा लांबतो. भोवतालचा नायलॉन परत आखडतो, तार मात्र लांबलेली राहते. तुमच्या पहिल्या रबरबँडवरच्या तारेप्रमाणे ती आतल्या आत नागमोडी होते. हळूहळू तुटते आणि तिचे टोक बाहेर येऊन बोटाला टोचते. म्हणून असा धागा तयार करताना तारेवर किती ताण ठेवायचा आणि बाहेरच्या धाग्याला किती वेढे द्यायचे, हे फार जपून ठरवावे लागते. आणखी एक गोष्ट. असा मोजा सुरीची धार अडवतो, पण सुईसारखे टोक विणीच्या फटीतून आत शिरू शकते. म्हणून हातात मोजा आहे, या भरवशावर निष्काळजी होऊन चालत नाही.

पोलादाचे याहूनही बारीक तंतू निघतात. त्यांची जाडी ०.०१ मिलिमीटरच्या आसपास असते, केसापेक्षा कितीतरी कमी. व्यास निम्मा केला की गोल तार वाकवायला फक्त सोळावा भाग बळ लागते. त्यामुळे इतके बारीक पोलाद कापसासारखे मऊ लागते. ते इतर तंतूंबरोबर मिसळून सूत काततात. त्या सुताचे कपडे पेट्रोलियमच्या किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांत घालतात. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तशी वीज या कपड्यांत साठत नाही.

आता त्या फेरीवाल्याचे काय झाले, ते सांगतो. आजीने त्याला विचारले, "ही जर खरी आहे, हे तुला कसे कळले?" त्याने काळा दगड दाखवला. त्यावर धागा घासल्यावर आत पांढरा कस दिसला, म्हणजे चांदी. तांबूस दिसला असता, तर तांब्याच्या तारेची नकली जर. मग त्याने दुसरा धागा काडीने पेटवला. जळलेल्या केसांसारखा वास आला, म्हणजे आत रेशीम होते. सूत असते, तर कागद जळल्यासारखा वास आला असता. रेशमाची राख झाली आणि पांढऱ्या तारेचे एक बारीक वेटोळे शिल्लक राहिले. आजकाल प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर धातूचा मुलामा देऊन केलेली जर पुष्कळ मिळते. ती पेटवली, की आखडून तिचा काळा गोळा होतो. ती जर स्वस्त आणि हलकी असते, काळी पडत नाही, आणि रोजच्या वापराला ती वाईट मुळीच नाही. फक्त ती चांदीच्या भावाने विकत घेऊ नये, म्हणजे झाले. (हा प्रयोग घरात मोठे माणूस जवळ असेल तेव्हाच करा, आणि आईला विचारल्याशिवाय तिच्या साडीचा धागा काढू नका.)

आजी बराच वेळ त्या वेटोळ्याकडे पाहत राहिली. मग तिने कात्री मागितली. चिरलेले अंग आणि काठ तिने त्याला वजनावर दिले. पदर मात्र ठेवून घेतला. त्या पैशांतून तिने माझ्या बहिणीला शाळेचे दप्तर आणि मला नवी चप्पल आणली.

तो पदर आज माझ्याकडे आहे. पडद्याच्या लाकडी दांड्यावर जुने मलमल लावून मी तो गुंडाळून ठेवला आहे. दर वर्षी दिवाळीच्या आधी मी तो उलगडतो. घडीच्या जुन्या तीन चिरा आहेत तशाच आहेत. चौथी अजून पडलेली नाही.

शब्दार्थ

माजघर – घराचा मधला भाग. ओसरी – घरासमोरची झाकलेली मोकळी जागा. कांब – धातूची जाड सळई. मुलामा – वरचा पातळ थर. फीत – चपटी, अरुंद पट्टी. वेढा – गोल फेरा. बिनसणे – न जमणे, भांडण होणे. ठिसूळ – लवकर मोडणारे. कस – दगडावर उमटलेली धातूची रेघ.

स्वाध्याय

प्र. १. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चांदीची तार चपटी का करतात?
(आ) जरीच्या धाग्यात ओढ कोण सोसते? कशावरून?
(इ) मोज्याच्या धाग्यात पोलादी तार आत का ठेवतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) आजीची पैठणी घडीवरच चिरली.
(आ) रबराला सरळ बांधलेली तार बाहेर फुगली.

प्र. ३. पाठात आलेले, उर्दूत व मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द शोधा. त्यांचा प्रत्येकी एका मराठी वाक्यात उपयोग करा.

प्र. ४. 'जर' हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.

उपक्रम : पाठातील रबरबँडचा प्रयोग वर्गात करा. काय दिसले ते आकृती काढून आठ-दहा ओळींत लिहा.